हसुरामचे फॉर्म मीच भरायचो

दाखल करून घेण्याच्या फॉर्मवर सातव्या प्रश्नापुढं मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली. उत्तर 'हो' होतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. प्रश्न साधाच होता : गेल्या सहा महिन्यांत पेशंट परदेशातल्या रुग्णालयात दाखल होता का? पेशंट म्हणजे माझा मित्र हसुराम घरत, राहणार शिरवणे. तो शेजारी चाकाच्या खुर्चीत भर दुपारी थंडीनं कुडकुडत बसला होता, आणि त्याची बायको, आमच्या जनावहिनी, माझ्या खांद्यावरून फॉर्मकडं बघत उभ्या होत्या. मी खूण केली, खाली तारीख टाकली. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. एकोणीस दिवसांनी हसुराम गेला. त्याला आता सात आठवडे होतील. वाटेत लोक भेटतात, म्हणतात, शेवटपर्यंत तुम्ही किती केलंत त्याचं... मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, दुःखानं.

आमची ओळखच मुळी एका चुकलेल्या फॉर्मवरून झाली. मी कोरेगावकडचा. बेलापूरला कारकुनाची नोकरी लागली म्हणून पस्तीस वर्षांपूर्वी इकडं आलो आणि शिरवण्यात हसुरामच्या वडिलांच्या चाळीत एक खोली घेतली. गावाची भातशेती नव्या शहरात गेलेली होती आणि तिच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडाचे अर्ज घरोघरी पडलेले होते. माझं अक्षर चांगलं, एवढ्या एका गुणावर म्हाताऱ्यानं मला ओट्यावर बोलावून अर्ज भरायला बसवलं. मी वडिलांच्या रकान्यात त्यांच्या आजोबांचं नाव घातलं. म्हणजे कागदोपत्री म्हातारा स्वतःच्याच बापाचा सख्खा भाऊ झाला. ते निस्तरायला आठ महिने लागले. दुसरा कोणी असता तर माझी वळकटी हायवेवर फेकून आला असता. हसुराम तेव्हा पंचविशीतला. तो बापाला म्हणाला, "आबा, चुकतंय तो, पन अक्षर बग ना. छापल्यावानी हाय. चुकीचा असला तरी बगाला बरा वाटतं." तेव्हापासून त्या घरचा प्रत्येक फॉर्म मी भरला. रेशन कार्ड, पोरांचे शाळाप्रवेश, गॅस, पासपोर्ट. हसुरामला लिहिता येत होतं, सातवीपर्यंत गेलेला होता, पण तो फक्त सही करायचा. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाला एक निळं पेन कायम अडकवलेलं असे आणि ते माझ्यासाठी असे. फॉर्म समोर आला की तो न बोलता ते काढून माझ्यापुढं धरायचा, विडा पुढं करावा तसं. मी भरायचो, तो सही करायचा. वाचायचा कधीच नाही.

शिरवण्यात त्याचं नाव होतं ते खाण्याबद्दल, आणि त्याहून जास्त खायला घालण्याबद्दल. पोटापाण्याला चाळीच्या खोल्या आणि दोन गाळे होते, पण जीव सगळा टोपात. गावात कोणाचीही हळद असो, मटणाच्या टोपाशी हसुराम. खांद्यावर टॉवेल, तोंडानं अखंड शिव्या, आणि मीठ बघायला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. पंगतीत स्वतः सगळ्यांच्या शेवटी बसायचा आणि मग मात्र तांदळाच्या भाकरी मोजणाऱ्याचीच लाज निघायची. मला निवट्या खायला त्यानंच शिकवलं. पहिल्यांदा त्या चिखलातल्या माशाचे डोळे बघून मी ताट सरकवलं, तर म्हणाला, "सद्या, तो तुज्याकरं बगत नाय. तो मेलाय. खा." पन्नाशी ओलांडल्यावर हे सगळं अंगावर आलं. वजन एकशे तीसच्या पुढं, गुडघे गेले, साखर गोळ्यांना जुमानेना, आडवं झालं की श्वास अडकायचा. डॉक्टर म्हणाले, खाणं कमी होत नसेल तर जठरच कापून लहान करून घ्या, आता सर्रास करतात. दोन महिने तो गप्प होता. मग एक दिवस गाळ्यावर बसलेलो असताना म्हणाला, "करीन. पन हितं नाय."

"इथं काय वाईट आहे?"

"हितं कुटं करू? नेरूलला वॉचमन माजा भाचा हाय. वाशीला लिफ्टवर जनाचा चुलतभाव. पनवेलला गेलो तर निम्मा गाव टेम्पो करून शहाली घेऊन बगाला येल. त्यांना काय सांगू? हसुरामला खाना झेपना, म्हनून पोट कापून घेतला?"

ज्यांना ही गावं माहीत नाहीत त्यांना हे कारण पोरकट वाटेल. पण शिरवण्यात माणूस दाखल झाला की घरटी एक जण बघायला जातोच. न जाणं हा अपमान, आणि गेल्यावर काय झालंय हे खोदून न विचारणं हाही अपमानच. आजार लपवायचा तर गावाच्या पल्ल्याबाहेर जायला हवं, आणि नवी मुंबईतल्या एकाही रुग्णालयाला तो पल्ला ओलांडता येत नाही. मी त्याला त्याच दिवशी आडवं घ्यायला हवं होतं. पण मी तोवर विमानात बसलेलो नव्हतो. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, रिटायर झालेलो, पोरगी बडोद्याला. हसुराम म्हणाला, "तू बरोबर चल, तुजा इंग्रजी बरा हाय," आणि माझा विरोध संपला. घरी सांगायला आम्ही केरळ ठरवलं : गुडघ्यांना तेलाचं मालिश, पंधरा दिवस. व्हिसाचा फॉर्म अर्थातच मी भरला. त्यात एकही चूक झाली नाही. झाली असती तर आज तो असता.

देशाचं नाव सांगत नाही. त्या देशाचा यात काही दोष नाही, आणि पुढं एका डॉक्टरीणबाईंनी मला ऐकवलंच की आपल्याकडं उपचार घेऊन परतणाऱ्यांना तिकडचे डॉक्टर नेमका हाच प्रश्न विचारतात. रुग्णालय कसलं, हॉटेलच होतं. मी तिथं नाश्त्याला रोज चार प्रकारचे पाव खाल्ले, आणि उपाशी ठेवलेला हसुराम मला खाताना बघत म्हणायचा, "खा, माज्या वाटचा बी खा, माजी जागा आता लहान होनार." ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला. जठराच्या शिवणीतून गळती होऊन आत पू झाला होता. मग अतिदक्षता विभाग, नळ्या, दिवसाला तीन तीन अँटिबायोटिकं. आठ दिवस तो तिथं होता आणि मी बाहेरच्या बाकावर. रोज संध्याकाळी वहिनींचा फोन. "तेल लागतंय का त्यांना?" मी म्हणायचो, भरपूर लागतंय वहिनी, उपचार जरा वाढवलाय. एकदा मागं लाउडस्पीकरवर त्यांच्या भाषेत काहीतरी पुकारा झाला. "ते काय बोलतात हो?" मी म्हटलं, मल्याळम. बाकावर बसल्या बसल्या मला स्वतःच्या हजरजबाबीपणाचं कौतुकही वाटलं.

बाविसाव्या दिवशी त्याला सोडलं. हातात जाड फाईल दिली, अर्धी त्यांच्या भाषेत आणि अर्धी इंग्रजीत. ती शिरवण्यात नेणं शक्यच नव्हतं, म्हणून नेरूळला माझ्या फ्लॅटमध्ये कपाटात ठेवली, बायकोच्या पैठणीखाली. विमानतळावरून घरी जायच्या आधी टॅक्सी सीवूड्सला वळवली. तिथं मल्याळी लोकांची दुकानं आहेत. औषधी तेलाच्या तीन बाटल्या आणि केळ्याच्या वेफर्सची दोन पाकिटं घेतली, पुरावा म्हणून. हसुराम टॅक्सीत टेकून बसला होता, गालफडं आत गेलेली. तेलाची बाटली बघून हसायला लागला, मग पोट धरून म्हणाला, "हसवू नको रं, टाके वढतात."

नऊ दिवस बरे गेले. दहाव्या दिवशी दुपारी हुडहुडी भरली आणि डोळे फिरले. वहिनींनी मला फोन केला, मी रिक्षा घेऊन पोचलो, आणि जवळच्याच, नेरूळच्या रुग्णालयात त्या काउंटरवर मघाशी सांगितलेला फॉर्म माझ्यापुढं आला. हसुरामनं खिशातलं पेन काढून दिलं. सातव्या प्रश्नाशी मी थबकलो. त्याच्याकडं बघितलं. त्यानं बोट हलवलं... नाही. वहिनी मागं होत्या. मला वाटलं, ताप तर आहे, सलाइन लावतील, उतरेल. एवढ्यासाठी कशाला संसारात बिब्बा घाला?

त्याला चार खाटांच्या वॉर्डात ठेवलं. दुसऱ्या दिवशी स्कॅनमध्ये जठराचं ऑपरेशन दिसलं, दिसणारच होतं. तरुण डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, हे कुठं झालं? मी म्हटलं, पुण्याला. कागद? गावी आहेत. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं लागतं, आणि मी सरकारी नोकरीत असल्यामुळं टेकू द्यायला सरावलेलो होतो. पू काढायला कुशीतून नळी घातली, पू तपासायला गेला, आणि पुण्याचा पेशंट म्हणून इथल्या नेहमीच्या जंतूंना जे औषध चालतं ते चालू केलं. शिरवणं मात्र आलंच. संध्याकाळी खाटेभोवती दहा-बारा माणसं, खाली शहाळ्यांची रास. वहिनी सगळ्यांना सांगत होत्या, केरळच्या तेलानं उष्णता झाली. कोणी हसुरामचे पाय दाबत होतं, कोणी उशी सारखी करत होतं आणि जाता जाता शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या मास्तरांचीही विचारपूस करत होतं. ते शिंदे मास्तर, कामोठ्याचे, मांडीचं हाड मोडून आलेले. त्यांचं पाणी संपलं तर आमच्यातल्याच कोणीतरी भरून दिलं, त्याच हातानं.

चौथ्या दिवशी सकाळी संसर्गाच्या डॉक्टर आल्या, डॉ. सबनीस. पन्नाशीच्या, बुटक्या, केस आखूड कापलेले. हातात कल्चरचा रिपोर्ट होता. त्यांनी तो माझ्यापुढं धरला. डावीकडं औषधांची नावं, आणि प्रत्येकापुढं इंग्रजी 'आर', वरपासून खालपर्यंत, एखाद्या नापास पोराच्या प्रगतिपुस्तकासारखा.

"या जंतूवर यातलं एकही औषध चालत नाही," त्या म्हणाल्या. "असे आमच्याकडंही आहेत, नाहीत असं नाही. पण याची तऱ्हा वेगळी आहे. इथल्यांना लागू पडतं ते याला पडत नाहीये. पुण्याला कुठल्या हॉस्पिटलात होते?"

मी काचेतून आत बघितलं. हसुराम माझ्याकडंच बघत होता. त्यानं पुन्हा बोट हलवलं. पस्तीस वर्षांत त्याचं न ऐकल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "पुण्याला नाही." आणि सगळं सांगितलं.

त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "फाईल कुठं आहे?" मी म्हटलं, घरी, इथून चालत दहा मिनिटं. त्यांनी घड्याळाकडं बघितलं. "मग उभे का आहात?" मी पैठणीखालून फाईल काढून आणली. त्यांनी तिसरं पान उघडलं आणि बोट ठेवलं. तिथं स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं होतं की पेशंटच्या अंगावर औषधांना दाद न देणारा जंतू सापडला आहे, पुढं कुठंही दाखल केल्यास आधी कळवावं, वेगळ्या खोलीत ठेवावं, आणि खाली दोन औषधांची नावं होती जी अजून चालत होती. माझं इंग्रजी बरं म्हणून हसुरामनं मला नेलं होतं. मी पहिलं पान वाचलं होतं. त्यावर त्याचं नाव बरोबर लिहिलंय का, तेवढं बघितलं होतं.

तासाभरात त्याला टोकाच्या काचेच्या खोलीत हलवलं. दारावर पिवळा कागद. आत जायचं तर गाऊन, हातमोजे, आणि बाहेर आल्यावर कोपरापर्यंत हात धुवायचे. आत जाणाऱ्यांची यादी दोनच नावांची, वहिनी आणि मी. मी गाऊन उलटा घातला. नर्सबाईंनी मला लहान पोरासारखं फिरवून पुन्हा घातला. हसुराम भिंतीकडं तोंड करून होता. तसाच म्हणाला, "सांगितलास ना?"

"सांगितलं."

"गेला. आता गाव हसनार." मग, "डाक्टरीन काय बोलते? औषिध हाय ना?"

मी म्हटलं, आहे, पण जंतू चिवट आहे, कोणाचं ऐकत नाही. तो भिंतीकडं बघतच म्हणाला, "म्हंजे आमच्या घरचाच हाय."

नवी औषधं सुरू झाली. एक मूत्रपिंडांवर येणारं होतं, डॉ. सबनीसांनी ते आधीच सांगितलं होतं. रोज सकाळी लघवीचा आकडा बघायचा आणि औषध थोडं इकडं, थोडं तिकडं. मधे तीन दिवस ताप उतरला, आणि मी इतका खूश झालो की कँटीनमध्ये अनोळखी माणसाला चहा पाजला. त्याच दिवशी वॉर्डातल्या सगळ्यांचे तपासणीला घेतलेले स्वॅब परत आले. शिंदे मास्तरांच्या अंगावर तोच जंतू सापडला. आजार नव्हता, नुसता वस्तीला आला होता. पण त्यांचं मांडीचं ऑपरेशन लांबलं, त्यांनाही काचेच्या खोलीत टाकलं, आणि हाड मोडलेला माणूस बारा दिवस जास्त पडून राहिला. मी माफी मागायला गेलो. त्यांची मुलगी दारात येऊन म्हणाली, "काका, तुमचं गुपित आमच्या बाबांच्या खाटेपर्यंत कसं काय आलं, ते आधी सांगा." मास्तर पुढं चालत घरी गेले, एवढं एकच बरं या सगळ्या गोष्टीत घडलं. मी अधूनमधून फोन करतो. मुलगी उचलते, "बरे आहेत," म्हणते आणि ठेवते.

आणि गाव... गावाला कळलं. माझ्या तोंडून नाही. पिवळा कागद लागला की वॉचमन भाच्याला काय सांगायला लागतं? बाराव्या दिवशी दुपारी हसुरामचा चुलतभाऊ बळीराम काचेबाहेर आला. बळीराम म्हणजे गावातला दुसरा खवय्या, दोघांची पोरवयापासून चढाओढ. हसुरामनं त्याला बघून डोळे मिटून घेतले. बळीरामनं काचेवर टकटक केली. इकडंतिकडं बघितलं, शर्टाची बटणं काढली आणि पोट उघडं करून काचेला लावलं. पोटावर बारक्या बारक्या पाच खुणा होत्या. हसुरामच्या होत्या तशाच, तिथंच. काचेतून आवाज येत नव्हता, म्हणून त्यानं मला फोन लावला, मी स्पीकरवर टाकला. "हसू, दोन वर्सं झाली. पनवेललाच केला. घरी सांगितला हर्निया. तुला सांगनार व्हतो रं, पन तू हसला असतास."

हसुराम हसला. खरंच हसला, नळ्या हलल्या, मशीन वाजायला लागलं, नर्स धावत आली. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते थांबेना. माझा हातमोजा धरून म्हणाला, "सद्या... मंग मी येवऱ्या लांब कशाला गेलतो?"

या प्रश्नाला फॉर्मवर चौकोन नव्हता.

पंधराव्या दिवशी लघवी बंद झाली. डायलिसिसचं संमतिपत्र आलं. वहिनी घरी कपडे आणायला गेल्या होत्या. त्याचं पेन उशीजवळ होतं, रोज पुसून ठेवलेलं. त्यानं ते उचललं, माझ्यापुढं धरलं, मी भरलं, आणि सहीसाठी त्याच्या हातात कागद दिला. त्यानं सही केली नाही. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मग माझ्याकडं बघून विचारलं, "नीट वाचलास ना रं?" राग नव्हता आवाजात. नुसतं विचारलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, वाचलं. तरी मी ते त्याच्यासमोर मोठ्यानं परत वाचलं, प्रत्येक ओळ, आणि मग त्यानं सही केली. वाकडी, उतरत गेलेली. त्यानंतर तो सलग असं काही बोलला नाही. एकोणिसाव्या दिवशी सकाळी, दहाच्या सुमारास, गेला. मी बाहेर हात धूत होतो.

डॉ. सबनीसांना मी एकदा गाठून विचारलं. तीन दिवस. पहिल्याच दिवशी 'हो' लिहिलं असतं तर? त्यांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "हे औषध तीन दिवस आधी सुरू झालं असतं, हे नक्की. तरी ते गेले असते का, हे मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं. घरी जा."

गेलो. पण तिथं पैठणी होतीच.

तेराव्यानंतर वहिनींना भेटायला गेलो, मनाशी ठरवून, की सगळं पहिल्यापासून कबूल करायचं. ओट्यावर बसलो. पाणी आलं, चहा आला. मी म्हटलं, वहिनी, आम्ही केरळला गेलोच नव्हतो. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मना म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"तुमी आला तवापासून. वेफर्सच्या पाकिटावर दुकानाची चिठ्ठी व्हती. सीवूड्स, सेक्टर नंबरसकट. आन त्यांच्या पँटीच्या खिशात हाताला बांधतात ती हास्पिटलची पट्टी."

ती चिठ्ठी काढायची माझ्या लक्षात राहिली नव्हती. मी विचारलं, मग बोलला का नाही? त्यांचे हात थांबले.

"ते आपन व्हऊन सांगतील म्हनून थांबले. मानूस येवरा लपवतो म्हंजे त्याला लाज वाटत आसल. मी कशाला उगडा करू?" त्यांनी एक खडा वेचून टाकला. "तुमी फारमवर नाय लिवला तवा मी मागंच व्हते. बगत व्हते. बोलनार व्हते. मंग मना वाटला, भावजींना जास्त कलतं. सगले फारम तेच भरतात..."

आम्ही तिघांनी मिळून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती, आणि तिघांनाही ती माहीत होती. एकट्या डॉक्टरांना नव्हती. त्यानंतर आम्ही दोघं खूप वेळ तांदूळ निवडत बसलो. मी खडे समजून तांदूळच बाजूला काढत होतो, त्यांनी ते परत सुपात टाकले.

गेल्या आठवड्यात वहिनींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवायला त्यांना घेऊन गेलो. त्याच रुग्णालयात, त्यांनीच सांगितलं, तिथंच जाऊ, तिथली मान्सं वलखीची झाली. तोच काउंटर. मुलीनं फॉर्म पुढं सरकवला. वहिनींनी पर्स उघडली आणि त्यातून एक छोटी प्लास्टिकची पिशवी काढली. रुग्णालयानं त्याच्या वस्तू पुसून परत दिल्या होत्या ती. आत निळं पेन. ते बघितलं आणि माझा हात आपोआप पुढं गेला, तळवा वर करून... पस्तीस वर्षांची सवय. पेन हातात आलं नाही. वहिनींनी चष्मा लावला, टोपण काढलं आणि स्वतःचं नाव लिहायला लागल्या, एकेक अक्षर जोडत, जनाबाई, मग थांबून, हसुराम.

मी हात मागं घेतला, पण डोळे पुढं गेले. नववा प्रश्न होता : घरातल्या कोणाला गेल्या वर्षभरात औषधांना दाद न देणारा संसर्ग झाला होता का? मी वाकलो, हळूच म्हटलं, "वहिनी, हे तसं तुम्हाला नाही विचारलेलं. तुम्ही ठणठणीत आहात. 'हो' म्हटलं तर स्वॅब घेतील, वेगळ्या खोलीत बसवतील, तारीख उगाच पुढं जाईल..." एवढं बोलून झाल्यावर मला माझाच आवाज ऐकू आला.

वहिनींनी 'हो'च्या चौकोनात खूण केली, इतकी दाबून की खालच्या कागदावर उमटली. मग टोपण लावलं, पेन पिशवीत घातलं, पिशवी पर्समध्ये. काउंटरवरच्या मुलीसमोर, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भावजी, गप बसा. तुमचा अक्षर लय चांगला हाय, पन तुमी लिवता खोटा."